ते भोक कुणी बुजवलं?

ज्या माणसानं माझ्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या पोटाखालचं निचऱ्याचं भोक वेल्डिंग मारून बंद केलं, तो मला एकदा भेटायला हवा. मारणार नाही त्याला. फक्त सीटखालच्या त्या खड्ड्यात कमरेपासून वाकवून उभा करीन, हातात सपाट पाना देईन आणि म्हणेन, चल, आता तू बसव.

चेनच्या ट्रॅक्टरशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांना आधी थोडं सांगतो, नाहीतर माझी आग कशानं झाली ते कळायचं नाही. हे मशीन चाकांवर नाही, दोन बाजूंच्या दोन लोखंडी चेनवर चालतं. याला स्टिअरिंग व्हील नाही. दोन्ही चेनना आपापला क्लच आणि आपापला ब्रेक. डावीकडे वळायचं तर डावा दांडा ओढायचा, डाव्या चेनची ताकद सुटते. झटक्यात वळायचं असेल तर वरून डावा ब्रेक दाबायचा. ती चेन थांबते, उजवी चालत राहते, मशीन वळतं. अमेरिकेतल्या बेंजामिन होल्ट या यंत्रं बनवणाऱ्यानं 1904 साली वाफेच्या इंजिनाची मागची चाकं काढून तिथे पट्टे लावून पाहिले, तेव्हा वळवायला पुढे एक चाक तरी होतं. पुढे ते चाक गेलं आणि वळवण्याचा सगळा भार या क्लचांवर आला.

आणि हा क्लच कोरडा असतो. कोरडा! एकाआड एक चकत्या, एक लायनिंगची, म्हणजे घासून पकड घेणाऱ्या थराची, एक साध्या पोलादाची, स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या. त्याच्यावर ड्रम, ड्रमभोवती ब्रेकचा पट्टा. तोही कोरडाच हवा. आणि भिंतीपलीकडच्या कप्प्यात गियर तेलात डुंबतायत. मध्ये काय, तर शाफ्टवरचं एक ऑइल सील. एवढ्या धुडाची अब्रू त्या रबराच्या ओठावर.

सील आज ना उद्या गळणार, हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणूनच कोरड्या कप्प्याच्या तळाला भोक दिलं. तेल आलं की खाली ठिबकेल, मालकाला दिसेल, मालक सील बदलेल. पाण्याचिखलात जायचं तेवढ्यापुरतं बूच लावायचं, बाहेर आलं की काढायचं. इतकी सरळ गोष्ट. पण आमच्या आधीच्या मालकाला ठिबकणं दिसायला नको होतं. मशीन विकायचं होतं ना! बूच पिळलं आणि वर वेल्डिंगचे दोन ठिपके मारले. मी घ्यायला गेलो तेव्हा खालची जमीन कोरडी ठणठणीत. मी गुडघ्यावर बसून पाहिलंसुद्धा, आणि वर शहाण्यासारखा बोललो, "गळती दिसत नाही, चांगलं ठेवलंय." तो म्हणाला, "जिवापाड जपलंय हो." माझ्याच तोंडचं वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

हे कळलं कधी? उतारावर. उताराला या मशीनची एक खोड आहे. वरून वजन ढकलत असतं, इंजिन उलट मशीनला धरून ठेवत असतं. अशा वेळी डावा दांडा ओढून ब्रेक नाही दाबला, तर डावी चेन मोकळी सुटून जोरात पळते आणि मशीन चक्क उजवीकडे जातं. हव्या त्याच्या बरोबर उलट. म्हणून उतारावर दांड्यासोबत ब्रेक लागतोच. मी दांडा ओढला, ब्रेक दाबला, पाय तळापर्यंत गेला आणि काहीच झालं नाही. आत ड्रम तेलकट पट्ट्यातून साबणाच्या वडीसारखा फिरत होता. मशीन उजवीकडे निघालं. दांडा सोडून दिला आणि इंजिनानं परत दोन्ही चेन धरल्या, म्हणून आज हे लिहितोय.

मग जुन्या लोकांचा उपाय केला. कप्प्यात रॉकेल ओतायचं, दांडे ओढत-सोडत मशीन हळूहळू फिरवायचं, चकत्या धुऊन निघतात, मग खालून सगळं काढून टाकायचं. ओतलं. फिरवलं. काढायला खाली गेलो तर बुचाला पाना बसेना. खरवडून पाहतो तर वेल्डिंग! रॉकेल भरलेल्या कप्प्याला ग्राइंडर लावायचा का आता? सगळं रॉकेल वरून नळीनं उपसलं, चिंध्यांनी टिपलं, कप्पा उघडा टाकून दोन दिवस वारं दिलं आणि मग छिन्नी-हातोड्यानं ते ठिपके तोडले. बूच निघालं आणि मागोमाग काळा चिकट राडा आला. उपसून-टिपून झाल्यावरही एवढा उरलेला! त्यानंतर दोनदा धुतलं. उपयोग शून्य. लायनिंग एकदा तेल प्यायलं की प्यायलं. खोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

खोलायला दीड दिवस लागला, त्याबद्दल तक्रार नाही. सीट, पत्रे, दांड्यांचे रॉड, पट्टा, आणि चेन ब्लॉकला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, टांगून क्लचचा गठ्ठा बाहेर. खोलताना माणूस राजा असतो. फक्त एका गोष्टीवरून तंटा झाला. पुतण्यानं हौसेनं हवेची नळी आणली आणि ड्रमवरची धूळ उडवायला लागला. हातातून नळी हिसकावली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. ती उडवायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायची असते आणि तेही मास्क लावून. शेजारी उभा एक अनुभवी म्हणाला, "आम्ही जन्मभर उडवली, काय झालं?" एवढं बोलताना दोनदा खोकला.

आता बसवणं. सर्व्हिसच्या पुस्तकात खोलायला सात पानं आणि बसवायला एक ओळ: उलट क्रमानं जोडावे. ज्यानं ही ओळ लिहिली त्याच्यासाठीसुद्धा खड्ड्यात जागा राखून ठेवलीय.

सील बदललं, पण जुन्या सीलनं शाफ्टवर खोबण पाडलेली. नखाला लागते इतकी. नवं सील त्याच जागी ठोकलं तर पहिल्याच आठवड्यात पुन्हा गळणार, म्हणून ते केसभर पुढे बसवलं, म्हणजे ओठ गुळगुळीत जागी टेकला. हे कुठल्या ओळीत आहे? पट्ट्याला नवं लायनिंग रिव्हेट केलं, मधून सुरू करून टोकांकडे. टोकाकडून सुरू केलं तर मध्ये फुगा येतो. कसं माहीत? पहिला फुगा मीच आणला. सगळी रिव्हेटं तोडून परत केलं.

मग चकत्या. माझ्या मशीनमध्ये लायनिंगच्या चकत्यांना दात बाहेरून, ते बाहेरच्या ड्रममध्ये जातात. पोलादी चकत्यांना दात आतून, ते आतल्या हबवर. एकाआड एक रचायच्या आणि बाहेरचे सगळे दात एका रेषेत आणून मग स्प्रिंगा आवळायच्या. आवळल्यावर एक चकती जरी दाताच्या अर्ध्यानं सरकलेली निघाली तरी ड्रम चढत नाही. परत ढिलं करा. ओणवं होऊन एका डोळ्यानं दात बघा. परत आवळा, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे. चौथ्या वेळी ड्रम "सर्रक" करून खाली उतरला, आणि त्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मी मूर्खासारखा हसलो.

गठ्ठा टांगून खड्ड्यात सोडला. एका अंगाला गियरच्या शाफ्टची फ्लँज, म्हणजे बोल्ट मारायची गोल कडा, दुसऱ्या अंगाला फायनल ड्राइव्हची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गियरांची. दोन्हीकडे आठ आठ बोल्ट. आणि तिथे जागा किती? हात जातो. पाना जातो. हात आणि पाना एकदम जात नाहीत! रिंग पान्याचं तर नावच काढू नका, सपाट पानाच चालतो. सपाट पान्याचं तोंड दांड्याशी 15 अंश तिरकं का असतं हे मला त्या खड्ड्यात पुरतं उमगलं. 30 अंश फिरवायचा, काढायचा, पालथा करायचा, परत 30 अंश. एका फेऱ्याला बारा वेळा. बोल्टाचे निम्मे फेरे बोटांनी झाले असं धरा आणि उरलेले पाचच पान्यानं. सोळा बोल्ट, पाच फेरे, बारा वेळा. 960. वरचे दोन-तीन बोल्ट झाले की ड्रम फिरवायचा, म्हणजे पुतण्यानं बाहेर पहार घालून चेन बोटभर सरकवायची, आणि तो हमखास दोन बोटं सरकवणार.

त्यात सातवा बोल्ट सुटला. टण्, टण्, आणि मग गप्प. दोरीला चुंबक बांधून सोडला. पण खाली सगळं लोखंडच! चुंबक भिंतीला चिकटतो, ड्रमला चिकटतो, पट्ट्याच्या खुंटीला चिकटतो, फक्त बोल्टाला चिकटत नाही. शेवटी बोल्ट सापडला तो ज्या भोकानं हे सगळं रामायण घडवलं त्याच भोकाच्या तोंडाशी. बूच काढलेलं होतं म्हणून खालून बोटानं वर लोटला आणि मग चुंबकानं उचलला. तेवढा एक उपयोग झाला त्याचा.

वर कडेला दोघं-तिघं उभे असायचेच. उंटावरून शेळ्या हाकणारे. "इंपॅक्ट गन लावा की." अरे, लावतो, तू आत उतर आणि ती गन धर. "एवढं खोलायची गरजच नव्हती, अजून एकदा धुतलं असतं." "नवीनच का नाही घेत?" एकानंही टॉर्च धरला नाही. टॉर्च धरला तो पुतण्यानं, आणि तोही त्याला जे बघायचं असेल तिकडे.

संध्याकाळी सोळावा बोल्ट आवळला, बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेल्या लॉक वायसरचे कान बोल्टांवर दुमडले, पाठ सरळ केली. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, हा पट्टा उजवीकडचा का?"

तो डावीकडचा होता. मी त्याला नवं लायनिंग लावलं होतं, फुगा आणून, परत करून. तो टूलबॉक्सवर व्यवस्थित ठेवलेला होता, धूळ बसू नये म्हणून वर फडकं. काही मशीनना पट्टा मागाहून ड्रमभोवती ओवता येतो. माझ्या नाही. खालच्या टोकाची पिन ड्रम बसला की झाकली जाते. आरसा घेऊन बघितलं, तार घालून बघितलं, देवाचं नाव घेऊन बघितलं. पिन ड्रमच्या मागे, हाताच्या टप्प्यापासून दोन बोटं लांब.

म्हणजे 960 काढताना आणि 960 परत लावताना.

त्या रात्री मी कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कान सरळ केले, बोल्ट काढले, गठ्ठा वर उचलला, पट्टा घातला, पिन घातली, पिन निसटू नये म्हणून तिला कॉटरची खीळ घातली आणि तो कॉटर घातलाय हे तीनदा हात लावून पाहिलं. दुमडलेले कान सरळ करून पुन्हा दुमडले की ते तुटतात, त्यामुळे नवे वायसर. पट्ट्याचा स्क्रू पुस्तकाप्रमाणे पूर्ण आवळून दीड फेरा मागे घेतला. दांड्याला मोकळी चाल ठेवली, नाहीतर क्लच सोडवणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि नवा क्लचही घसरत जळतो. सपाटीवर चालवून पाहिलं. डावा दांडा, डावा ब्रेक. मशीन जागच्या जागी डावीकडे वळलं, डाव्या चेनखालच्या मातीला गोल पडला.

पुतण्या म्हणाला, आता उजवी बाजूपण एकदा बघून घेऊ, तिकडचा ब्रेक चांगला लागतोय तरी. तिथे खालच्या गार्डवर जुना चिखल दगडासारखा बसलेला होता. मी म्हटलं, राहू दे. त्यानं ऐकलं नाही, छिन्नीनं खरवडत बसला. थोड्या वेळानं छिन्नीचा आवाज थांबला.

"काका, इकडे पण दोन ठिपके आहेत."