सेकंडहँड गोल्फ कार्ट घेताय? मग सीट तेवढी उचलू नका

सगळ्यात आधी अभिनंदन. पीचट्री सिटीत घर घेतलं, गॅरेजात दोन गाड्या लावल्या, आणि तरी शेजारी तुम्हाला माणसांत धरत नाहीत कारण तुमच्याकडे गोल्फ कार्ट नाही. अमेरिकेत अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या या गावात कार्टसाठी 160 किलोमीटरच्या आसपास वेगळे रस्ते आहेत, 10 हजाराच्या वर कार्ट आहेत, हायवेखालून कार्टचे बोगदे आहेत, हायस्कूलला पोरांच्या कार्टचं पार्किंग आहे. आणि गोल्फ? आमच्या गल्लीत गोल्फ खेळणारा मला अजून भेटायचाय. लोक कार्टने दूध आणायला जातात. त्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असले तर मग विचारूच नका, त्यांना तळ्यावर हवा खायला न्यायचं तर कार्ट हवीच, असं तुम्ही बायकोला सांगता आणि तीही मान डोलावते कारण तिला ती किराण्याला हवी असते.

नवीन घ्यायची नाही. नवीन घेतली तर वॉरंटी मिळते, मग मजा ती काय. सेकंडहँडच बघायची आणि बघताना रंग बघायचा. चाकं चकचकीत आहेत का, स्पीकर ब्लूटूथवाला आहे का, खालून निळे लाइट लागतात का, कप ठेवायला जागा किती. यातल्या बऱ्याच कार्ट गोल्फ कोर्सवर लीजवर तीन-चार वर्षं दिवसभर राबलेल्या असतात, मग तिथून निघतात, नवीन सीट कव्हर आणि नवीन रंग चढवून आपल्यासारख्यांच्या दारात येतात. ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर मारून फ्लॅट विकतात ना, तसंच. पण तुम्ही कशाला खोलात जाताय. सीरियल नंबरची पट्टी असते, काही कंपन्यांच्या नंबरातच सालाचे दोन आकडे असतात, ती मुळीच वाचायची नाही. विकणाऱ्याने साल सांगितलंय ना, एवढा भला माणूस, पोरांना कोक दिला त्याने.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायची ती एकट्याने, सपाट रस्त्यावर, दोन मिनिटं. रात्रभर चार्जिंगला लावलेली कार्ट दोन मिनिटं हरणासारखी पळते. सगळं कुटुंब बसवून चढावर न्यायची आणि अर्ध्या तासाने परत व्होल्टेज मोजायचं वगैरे संशयी माणसांचे धंदे आहेत. त्या भल्या माणसाने मीटर लावून 50.9 व्होल्ट दाखवलं, 48 च्या गाडीला 51, म्हणजे वर तीन फुकट, असा हिशोब मी स्वतः तिथे उभं राहून केलाय.

आणि आता मुख्य मुद्दा. सीट उचलायची नाही. सगळ्या बॅटऱ्या सीटखाली असतात आणि खरं सांगायचं तर तुम्ही पैसे त्यांचेच मोजत असता, बाकी पत्रा, प्लास्टिक आणि चार चाकं. मी सीटला हात घातला तर विकणारा म्हणाला, बिजागरी जाम आहे, जोर लावू नका, तुटेल. मी हात काढला. आपण संस्कारी माणसं.

बाबांना बघायला नेऊ नका हेही सांगतो, पण मी नेलं नव्हतंच, त्यांनी ती थेट आमच्या ड्राइव्हवेत बघितली. सांगलीच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, त्याच्या बॅटरीत दर एक तारखेला पाणी बघायचं हा त्यांचा वीसेक वर्षांचा नेम. त्यांनी कार्टला एक प्रदक्षिणा घातली, सीटच्या मागे बोटं घातली आणि सीट उचलली. बिजागरी बिचारी लोण्यासारखी. आत आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, टर्मिनलवर हिरवट पांढरा फुलोरा, जसा जुन्या तांब्याच्या भांड्यावर येतो. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, एकेक झाकण काढून मोबाइलच्या लाइटमध्ये बघत गेले, एकूण 24 झाकणं, आणि तिसऱ्या बॅटरीपाशी थांबून म्हणाले, "ह्यात पाणी शेवटचं कुणी घातलंय रे? प्लेटा उघड्या पडल्यात." मग टर्मिनलवर ठोकलेलं अक्षर आणि आकडा दाखवून विचारलं हे काय. मी तिथेच शोधलं, तर ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि आकडा सालाचा. बॅटऱ्या सात वर्षांच्या निघाल्या. बाबा एवढंच म्हणाले, "कोक चांगला होता का?"

तरी खचून जायचं नाही. नळाचं पाणी घ्यायचं, झाकणापर्यंत काठोकाठ भरायचं आणि मग चार्जिंगला लावायचं. डिस्टिल्ड वॉटर, आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच आणि बाकीचं चार्ज झाल्यावर, हे बाबा सांगत होते, पण मी इंजिनियर आहे. चार्ज होताना पाणी वर येतं हे मला सकाळी कळलं, ॲसिड उतू जाऊन गॅरेजच्या काँक्रीटवर महाराष्ट्राच्या नकाशाएवढा पांढरा डाग पडला होता, कोकणपट्टीसकट. आईने खायच्या सोड्याचा अख्खा डबा त्यावर ओतला.

मग मिरवायला काढायची. मागची सीट उलटी असते, तिथे आई मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. आमच्या कार्टला सीटबेल्टचे पट्टे नव्हते, ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि जोरात वळलं की मागचा माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. (इथे गंमत बंद, लहान पोरं असतील तर आधी पट्टे बसवा, मग निळे लाइट.) हायवेखालच्या बोगद्यात उतारावरून थाटात शिरलो आणि पलीकडच्या चढावर गाडीने आधी वेग सोडला मग प्राण. बाबा उतरून ढकलायला लागले, मी स्टिअरिंगवर, कारण कुणीतरी स्टिअरिंगवर पाहिजेच. शेजारून पंधरा वर्षांची पोरं लर्नर्स परमिटवर भुर्रकन गेली, हात हलवून. आईने त्यांना लाडू दाखवला.

घरी आणून चार्जर लावला तर तो सुरूच होईना. बॅटऱ्या पार तळाला गेल्या की बरेच चार्जर त्यांना ओळखच दाखवत नाहीत, बँकेसारखे. अशा वेळी सहा बॅटऱ्यांचे हजार-बाराशे डॉलर घालवू नका, एकच नवीन टाका, म्हणजे पाच म्हाताऱ्या मिळून तिलाही सहा महिन्यांत आपल्यात घेतील. मी घेतलंय करून.

शेवटी विकायला काढायची. धुवायची, पुसायची, रात्रभर चार्जिंगला लावायची, नवीन सीट कव्हर टाकायचं. फ्रीजमध्ये कोक ठेवायचे. शनिवारी एक हैदराबादचं कुटुंब यायचंय बघायला, फोनवर म्हणाले वडीलही येतील सोबत. बिजागरी जाम आहे असं इंग्रजीत नीट कसं सांगायचं तेवढं पाठ करतोय.