अब्दागीर खरोखरच गुलामीची खूण आहे काय?

शिमगा जवळ आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मोबाइलांवर एक संदेश हमखास फिरतो. छत्री इंग्रजांनी आणली, छत्र आणि अब्दागीर (पालखीसोबत उभ्या दांड्यावर मिरवले जाणारे लंबगोल मानचिन्ह) मुघलांनी दिली, मुळात ही सारी ऊन टाळण्याची साधने होती, तेव्हा ग्रामदेवतेच्या पालखीसोबत ती मिरवणे ही गुलामीची खूण असून ती बंद करावी, असे त्याचे म्हणणे आहे.

पहिले विधान फार वेळ टिकत नाही. पोलादी काड्यांची छत्री इंग्लंडातून आली हे खरे. सॅम्युअल फॉक्सने तशा काड्या १८५२ मध्ये काढल्या. मात्र त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी जोनास हॅनवे लंडनच्या रस्त्यांवर छत्री घेऊन हिंडू लागला, तेव्हा लोक त्याची टर उडवीत असत; म्हणजे खुद्द इंग्रजांनाही छत्री तेव्हा नवखीच होती.

मुघलांविषयीचे विधान अर्धे खरे आहे, म्हणून ते अधिक फसवे आहे. बाबराने दिल्ली घेतली १५२६ मध्ये; सांचीच्या मोठ्या स्तूपावरची तिहेरी दगडी छत्रावली त्याच्या कितीतरी शतके आधीची, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावर उभे असलेले लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर छत्राची जन्मकथाच येते: जमदग्नींनी सोडलेले बाण वेचून आणताना रेणुकेचे डोके आणि पाय उन्हाने पोळले, जमदग्नी सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले आणि सूर्याने शरण येऊन छत्र व पादत्राणे दिली. हे दांपत्य परशुरामाचे आईवडील, म्हणजे कोकणाच्या दृष्टीने घरचेच. अब्दागिरीची गोष्ट वेगळी आहे. उभ्या दांड्यावरचे हे लंबगोल जरीकाम फारसी दरबारी रिवाजातून आले, आणि ‘आईन-इ-अकबरी’त ते राजचिन्हांमध्ये नोंदलेले आहे. पुढे मराठी राज्यात पालखी आणि अब्दागीर हा सरदारांना मिळणारा मान झाला. गावाने तोच मान चवरी-निशाणासह आपल्या देवतेला दिला, कारण गावाचा खरा राजा तीच. यात गुलामी कोणाची, हे संदेश सांगत नाही.

राहिला सावलीचा मुद्दा. कार्ल्याचे छत्र डोंगराच्या पोटात आहे, आणि शिमग्यात पालखी रात्री निघाली तरी अब्दागीर सोबत असतेच. कोकणातल्याच रायगडावर ६ जून १६७४ रोजी ज्यांनी छत्र धारण केले आणि ज्यांच्या शिवराईवर एका बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे उमटली, त्या उन्हातान्हात गडकोट पालथे घातलेल्या राजाला सावलीची हौस होती, असे कोणी म्हणणार नाही. उलट, भर पावसात लावणी करणाऱ्या ज्या कुळांना आडोशाची खरी गरज होती, त्यांच्या पाठीवर इरलेच असे.

पालखीसोबत अब्दागीर नको, असे एखाद्या गावकीने ठरवले तर तो तिचा अधिकार आहे. त्यासाठी कारण मात्र दुसरे शोधावे लागेल.