पाठकोरे

“सर, तुम्ही सोमवारी यायला हवं होतं,” असे आमच्या जुन्या सरांच्या चिरंजीवांनी परवा मला दारातच ऐकवले. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभी हयात विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवलेल्या या सरांच्या शवविच्छेदनाच्या नोंदवह्या आणि पत्रव्यवहार मंगळवारी रद्दीत गेला होता, आणि महाविद्यालयाच्या अभिलेखागारासाठी, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहासाठी, ते मिळावेत म्हणून दोन वर्षे उंबरा झिजवणारा मी बुधवारी पोहोचलो होतो. “महत्त्वाचं ते सगळं मात्र जपून ठेवलंय हं,” असे म्हणत त्यांनी कौतुकाने पुढे केलेल्या पेटीत अकरा शाली, नऊ स्मृतिचिन्हे आणि लॅमिनेट केलेली मानपत्रे निघाली. श्रीफळे तेवढी खाल्ली असावीत.

लॅमिनेशनबद्दलचे माझे मत सभ्य शब्दांत मांडता येत नाही. एकदा प्लास्टिकमध्ये चिकटवलेला कागद धडपणे सुटत नाही, हे सांगून माझा घसा बसला आहे, तरी प्रत्येक घरात कोणीतरी हौसेने ते करून ठेवतेच.

तडक रद्दीचे दुकान गाठले. तिथे वर्तमानपत्रे वेगळी, पुठ्ठा वेगळा, वह्या वेगळ्या, अशी वर्गवारी होती, जी आमच्या अभिलेखागारात मला सात वर्षांत जमलेली नाही. “वह्या काल गेल्या, पाठकोरे ठेवलेत,” असे सांगून दुकानदाराने एका बाजूने कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा काढला. सर्वांत वरच्या कागदावर लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेला यकृताचा छेद होता आणि कडेला सरांच्या अक्षरात ‘पुन्हा पाहणे’ असे लिहिलेले होते. खाली पाकिटे होती, पण नातवाने तिकिटे कापून घेताना पोस्टाचे शिक्केही नेल्यामुळे पत्रे कोणत्या वर्षीची, हे कळायचा मार्ग उरला नव्हता. दोन किलोंचे, चौदा रुपये दराने, अठ्ठावीस रुपये मी मुकाट्याने मोजले.

घरच्यांना तरी काय बोलावे? निरुपयोगी सामान मोडीत काढणाऱ्या आमच्याच निर्लेखन समितीने गंजलेले कपाट भंगारात काढताना आतले केसपेपरचे गठ्ठे कपाटासकट काढले, आणि अभिलेखागाराला मिळालेल्या खोलीच्या बरोब्बर वर स्वच्छतागृह आहे. “स्कॅन करा आणि फेकून द्या” म्हणणारे विभागप्रमुख वर्धापनदिनाच्या आठवडाभर आधी मात्र “जुने फोटो आहेत का हो?” म्हणून फोन करतात. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याचे नाव बदलले, ते दुसऱ्या संस्थेत विलीन झाले, तरी त्यांचे १८८३ चे पत्र फिलाडेल्फियात आजही नीट आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवून गेलेल्या, ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या ग्रंथाची चित्रे काढणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या रोजनिश्या लंडनमध्ये वाचायला मिळतात. आमच्या सरांच्या वह्यांचा मात्र एव्हाना लगदा झाला असेल.

हे सगळे रात्री घरी तावातावाने सांगत असताना सौभाग्यवतींनी शांतपणे माळ्याकडे बोट दाखवले, जिथे माझी स्वतःची सहा पोती चिठ्ठीविना पडलेली आहेत. रागाच्या भरात त्यातले एक उपसले, तेव्हा गंजक्या टाचणीत अडकलेले सरांचेच एक पत्र हाती आले. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिले होते: तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे अर्धा किलो, इस्त्रीवाल्याचे राहिलेले.