कोकण विद्यापीठ हवंच, पण जाब विचारायचा कुणाला?

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत कोकण विद्यापीठाचा विषय पेटलाय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठातून काढा आणि आमचं आम्हाला वेगळं द्या, ही मागणी काय आजची नाही आणि चुकीची तर अजिबातच नाही. कणकवलीच्या पोराचा निकाल राखीव राहिला की त्याने रात्रीची गाडी पकडून दादरला उतरायचं, तिथून विद्यापीठाचा कलिना कॅम्पस गाठायचा, खिडकीसमोर तास दोन तास उभं राहायचं आणि "कॉलेजचं पत्र आणा" एवढं ऐकून परत गाडीत बसायचं, हे अजून चालूच आहे. रत्नागिरीला उपकेंद्र आहे म्हणतात, आहेच, पण उपकेंद्र म्हणजे काय ते ज्याचं काम अडलंय त्यालाच विचारा.

तर या चर्चेत एका काकांनी मला टॅग करून लिहिलं, "तुमच्याकडे असला काय चालत नसतला." तिथे मला राहवलं नाही. काका, मी राहते स्कॉटलंडमध्ये डंडी नावाच्या गावात, आणि इथलंच विद्यापीठ दोन वर्षांमागे बुडता बुडता राहिलंय!

झालं असं की 2024 च्या नोव्हेंबरात अचानक कळलं की विद्यापीठाला तीन कोटी पौंडांची तूट आहे, नंतर तो आकडा साडेतीन कोटींवर गेला. डिसेंबरात प्रिन्सिपल, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, राजीनामा देऊन मोकळे. मार्चमध्ये प्लॅन आला की सहाशेच्या वर नोकऱ्या जाणार. छोटं गाव आहे हो हे, बसमध्ये, दुकानात, माझ्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, जिथे जावं तिथे कोणाचा तरी नवरा नाहीतर बहीण विद्यापीठात कामाला, त्यामुळे ते दोन तीन महिने सगळीकडे तोच विषय. परदेशी मुलांच्या फीवर डोलारा उभा केलेला, ती मुलं यायची कमी झाली, खर्च मात्र चालूच. आणि हे आकडे वर बसलेल्यांच्या वेळेत लक्षातच आले नाहीत, किंवा आले तरी बोललं कोणी नाही. नंतर चौकशी लागली, जून 2025 मध्ये अहवाल आला, त्यात साफ लिहिलंय की जे प्रश्न विचारत होते त्यांना गप्प केलं जायचं.

आता गंमत बघा. इथे 2016 चा कायदा आहे, त्यात विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर, त्याला इथे कोर्ट म्हणतात, स्टाफने निवडलेले दोघे, युनियनचे दोघे आणि विद्यार्थी संघटनेचे दोघे असलेच पाहिजेत. अध्यक्षपदाची जी बाहेरची व्यक्ती असते तिची निवडणूक होते आणि त्यात विद्यार्थीही मत देतात. म्हणजे कागदावर बघाल तर याच्यावर काय हवं? तरीही गाडी खड्ड्यात गेली. म्हणून फॉरेनात असलं काय होत नाही हे डोक्यातून काढाच.

पण त्यानंतर जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. अहवाल आला त्याच दिवशी हंगामी प्रिन्सिपलनी पद सोडलं. आणि आठवड्याभरात जुने प्रिन्सिपल स्कॉटिश संसदेच्या शिक्षण समितीपुढे, कॅमेऱ्यासमोर. तुम्ही भ्रष्ट की अकार्यक्षम असं तोंडावर विचारलं त्यांना, आणि दोनातलं एक घ्यायचंच तर अकार्यक्षम, असं त्या माणसाला म्हणावं लागलं. मी ते ऑनलाइन बघितलं. खरं सांगते, अंगावर काटा आला, कारण आपल्याकडे एवढ्या मोठ्या खुर्चीतल्या माणसाला असं कोणी विचारलेलं मी तरी बघितलेलं नाही. पैसे त्यांनी घेतलेच जाताना, नोटीस पिरियडच्या बदल्यातले, त्यावरून लोक अजून चिडून आहेत. नोकऱ्या गेल्या त्या खालच्यांच्या. न्याय झाला असं मी म्हणतच नाही. फक्त उत्तर द्यायला माणूस सगळ्यांसमोर बसला.

आपल्याकडे असं झालंच नाही का? 2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने एकदम सगळ्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं, पूर्वतयारी धड नाही, लाखो पेपर अडकले, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले, कुलपती म्हणजे राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली तीही हुकली आणि ऑक्टोबरात संजय देशमुखांना कुलगुरूपदावरून काढलं. म्हणजे कारवाई झाली, नाही असं नाही. पण एवढा मोठा निर्णय व्यवस्थापन परिषदेत कोणी अडवला का नाही, घाई कोणाची होती, याची उत्तरं त्या लोकांनी पालकांसमोर बसून दिलेली मला तरी आठवत नाहीत. एक माणूस काढला, विषय संपला. आणि प्रश्न विचारायला जी अधिसभा (सिनेट) असते तिच्यातल्या पदवीधरांच्या जागांची निवडणूक 2023 मध्ये ऐनवेळी थांबवली, ती शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये झाली, तीसुद्धा हायकोर्टाची पायरी चढून. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परत आणल्या, 2019 मध्ये घेणार म्हणून जाहीरही केल्या आणि मग पुढे ढकलल्या त्या ढकलल्याच.

आता खाली या, आपल्या कॉलेजात. कोकणातल्या बऱ्याच संस्था मुंबईकर चाकरमान्यांनी पदरमोड करून उभ्या केल्या, त्याबद्दल हात जोडते, ते नसते तर माझ्यासारख्या मुली बारावीनंतर घरीच बसल्या असत्या. पण आता काय झालंय, मीटिंग मुंबईत, चेअरमन मुंबईत, गावाला येणार गणपतीत आणि स्नेहसंमेलनाला. भाचा शिकतो तिथे प्राचार्य कित्येक वर्षं प्रभारीच. प्रभारी माणूस संस्थेपुढे बोलणार काय, कप्पाळ! निम्मे सर सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाचे पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले, पुढच्या वर्षी परत बोलावतील की नाही याची खात्री नाही, मग ते तरी कशाला तोंड उघडतील. मुलांकडून विकास निधी म्हणून पैसे घेतात, पावतीवर तेवढंच लिहिलेलं असतं. भाच्याने ऑफिसात विचारलं की याचं करतात काय, तर क्लार्क म्हणाले, "माका काय म्हायत, मुंबयक विचार."

आणि हेच लोक देवळाच्या बाबतीत बघा. शिमगा झाला की गावकी बसते, नारळाचे किती आले, पालखीला किती गेले, मांडवाला किती, सगळं वाचून दाखवायचं, आणि पन्नास रुपयांचा हिशोब लागला नाही तर मानकऱ्यालाही सोडत नाहीत. कॉलेजच्या लाखांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, कारण चेअरमन मोठा माणूस, उद्या पोराला मुंबईत चिकटवायचा असतो.

आपल्या त्याच विद्यापीठ कायद्यात सोय आहे हो. प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असायला हवी, त्यावर निवडून आलेले शिक्षक हवेत, शिक्षकेतर कर्मचारी हवा, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव हवा, वर्षाचं बजेट त्यांच्यासमोर यायला हवं. ग्रुपवर मी सरळ विचारलं की आपल्या कॉलेजच्या समितीवर कोण कोण आहे सांगा. दोनशेच्या वर मेंबर आहेत, त्यात तीन निवृत्त शिक्षक. एकालाही सांगता आलं नाही! वर एकाने गुड मॉर्निंगचा फोटो टाकला.

म्हणून वेगळ्या विद्यापीठाला माझा पाठिंबा आहे पण अर्धाच. उद्या कुलगुरू रत्नागिरीत बसले तर पोराचा गाडीखर्च वाचेल, तो वाचायलाच हवा. पण अधिसभा वेळेवर निवडून आली नाही, प्राचार्य प्रभारीच राहिले, समित्या रजिस्टरमध्येच भरल्या, तर खिडकी फक्त जवळ येईल, "पत्र आणा" तेच ऐकायचं.

भाच्याला म्हटलंय, कॉलेज अनुदानित आहे ना, मग माहिती अधिकारात बसतं. साधा अर्ज, मराठीत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. मागायचं काय तर विकास समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं, सदस्यांची नावं आणि विकास निधीचा जमाखर्च. तो घाबरतोय, इंटर्नलचे मार्क कापतील म्हणतो, आणि त्याचं काही अगदीच चुकीचं नाही. मग काकांनाच म्हटलं, तुमची पोरं शिकून नोकरीला लागली, तुमचे कसले इंटर्नलचे मार्क कापणार, तुम्ही करा अर्ज. मेसेज वाचलाय त्यांनी, निळी टिक दिसतेय.