सरकारी जंगलातली टर्की आणि ‘एसटी स्टँड’

आज दुपारी आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या, मंडळाच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) एका गृहस्थांनी माझं डोकं फिरवलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. कुणीतरी माझ्या टर्कीच्या, म्हणजे त्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा विषय काढला. दरवर्षी मे महिन्यात तो निघतोच, ‘तुम्ही? एकट्या?’ पासून सुरू होतो आणि ‘चवीला कशी लागते?’ वर संपतो. तर हे म्हणाले, “ताई, तुम्ही त्या सरकारी जंगलात कशाला जाता? ते म्हणजे एसटी स्टँड. कुणीही यावं, कुठंही बसावं. आपण ओझार्कच्या डोंगरांत ऐंशी एकर घेतलीय, तिकडं या. मका टाकून ठेवतो, टर्की दारात येतात.”

मी हसले. तोंडात घास होता म्हणून नुसतीच हसले.

तर दादा, आता घास संपलाय. मका टाकून टर्की मारणं आपल्या या मिझुरी राज्यात गुन्हा आहे. मका सगळा उचलला तरी पुढचे दहा दिवस ती जागा चालत नाही. ऐंशी एकर घेताना हे कुणी सांगितलं नाही वाटतं. आणि माझे वडील एसटीत कंडक्टर होते, पाटण डेपोला. स्टँडवर कुणीही यावं, कुठंही बसावं, यात नाक मुरडण्यासारखं काय आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता जे इथं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या राज्यात टर्कीचा वसंतातला मुख्य हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. दाढीवालाच पक्षी मारायचा, म्हणजे जवळजवळ नेहमी नर. छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा झुपका असतो, ती दाढी. रायफल चालत नाही, शॉटगन चालते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून मुभा, आणि सरकारी जमिनीवर दुपारी एक वाजला की बंदूक रिकामी. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचं. यातली मेख अशी की निसर्गात नर एका जागी उभा राहून ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. आपण त्याला उलटं सांगत असतो, तू ये. तो का येईल? बहुतेक वेळा येत नाहीच. वास त्याला फारसा कळत नाही, पण नजर अशी की गालावरचा डास मारायला हात उचललात तर सकाळ संपली.

मी सेंट लुइसहून दीड-दोन तासांवर मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये जाते. मध्यरात्री उठून. नवरा शाकाहारी आहे, तो डबा भरून देतो आणि पुन्हा झोपतो. यंदा एका सकाळी पोचले तर खडीच्या त्या एवढ्याशा पार्किंगमध्ये आधीच एक पिकअप उभा. अंधार, मोबाइलला रेंज नाही, मी एकटी बाई, समोर बंदूक घेतलेला अनोळखी गोरा म्हातारा. मंडळी, खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. रिवाज असा आहे की आधी गाडी ज्याची, टेकडी त्याची, आपण दुसरीकडे जायचं. मी गाडी वळवायला लागले तर तो खिडकीशी आला, टोपी काढली आणि म्हणाला, “मॅम, मी पूर्वेच्या अंगानं जातोय. पश्चिमेची धार तुम्ही घ्या. काल संध्याकाळी तिकडं एक झाडावर चढताना ऐकलाय.”

आदल्या संध्याकाळी येऊन त्यानं कान लावून शोधलेला पक्षी. तो मला, ज्या बाईचं त्यानं नावही विचारलं नव्हतं तिला, देऊन टाकला.

तुमच्या ऐंशी एकरवर हे होईल? तिथं झाडांना जांभळे पट्टे मारलेत तुम्ही, मी फोटो पाहिलेत. परदेशातल्यांना सांगते, मिझुरीत झाडावर जांभळा रंग म्हणजे ‘आत पाऊल टाकू नका’, पाटी लावायचीही गरज नाही, कायदाच आहे तसा. या राज्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. उरलेल्या तुकड्यांत माझ्यासारखे सगळे. ज्यांचे आजोबा इथं शेतकरी नव्हते, ज्यांना कुणी मामा-काका शेतावर बोलवत नाहीत, ज्यांना लीजचे पैसे परवडत नाहीत. तो म्हातारा शिशाच्या खाणीतून निवृत्त झालाय. आयुष्यभर ओझार्कमध्ये राहिला, घराच्या अंगणापलीकडे स्वतःची जमीन नाही. आणि तरी त्याच्याकडे आणि माझ्याकडे मिळून पंधरा लाख एकर जंगल आहे. करा हिशेब.

बरं, त्या सकाळचं पुढं. मी पश्चिमेच्या धारेवर एका जाड ओकला पाठ लावून बसले. पाठ झाकेल एवढं रुंद झाड निवडायचं, मागून कुणी आवाजावर गोळी घालू नये म्हणून. उजाडायच्या आधी व्हिपरविल हा रातपक्षी ओरडत होता, मग घुबड, आणि घुबडाला उत्तर म्हणून झाडावरून तो गरजला. त्या आवाजाचं वर्णन मला येत नाही. छातीत ऐकू येतो एवढंच सांगते. मी स्लेटवर, म्हणजे काडी घासून मादीचा आवाज काढायच्या पाटीवर, अगदी हळू, झोपेतून उठल्यासारखे दोन-तीन आवाज केले. तो लगेच बोलला. मग पंखांची धडधड, खाली उतरला, आणि त्याच्याबरोबर माद्याही उतरल्या. संपलं. खऱ्या बायका बरोबर असताना माझ्या दगडावरच्या काडीला कोण विचारतो! तो गरजत गरजत उतारावरून लांब गेला.

मी बसून राहिले. तासाभरानं दक्षिणेकडून एक मादी बोलली. मी उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, जवळून. मी पुन्हा. असं बराच वेळ चाललं, आणि मग मला जाणवलं की ही मादी फारच शिस्तीत बोलते आहे. खरी टर्की इतकी सुरेल नसते, ती मधेच चिरकते, कंटाळते. हा माणूस आहे! अशा वेळी हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर अजिबात काढायचा नाही. नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं म्हणून त्या रंगाचा रुमालसुद्धा अंगावर नको. जोरात, माणसासारखं बोलायचं. मी ओरडले, “गुड मॉर्निंग!” चाळीस-पन्नास पावलांवर झुडपातून तोच म्हातारा उभा राहिला. नर वळसा घालून त्याच्या बाजूला गेला होता, त्याच्या मागं हा आला. आणि आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांना नादी लावत बसलो होतो.

हे मी पॉटलकमध्ये सांगितलं तेव्हा ते गृहस्थ टाळी देत म्हणाले, “बघा, म्हणूनच म्हणतो!”

हो, आहे गर्दी. पहिल्या शनिवारी तर प्रत्येक वळणावर गाडी. काही लोक नराचा पिसारा हातात धरून त्याच्या आडून रांगत जातात, आणि सरकारी जमिनीवर हे म्हणजे कुणाची तरी गोळी स्वतःवर ओढवून घेणं आहे. साउथ कॅरोलिनानं आपल्या सरकारी शिकार-क्षेत्रांत त्यावर बंदी घातली, योग्यच केलं. धोका आहे, मान्य. पुढं चला.

खरा राग मला याचा आहे की आपली माणसं दोन पैसे हातात आले की पहिलं कुंपण घालतात. आणि वर शहाणपण शिकवतात की सरकारला एवढी जमीन हवीच कशाला. 2025 च्या जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस लाखांहून जास्त एकर सरकारी जमीन विकायची तरतूद पुढं आणली, घरं बांधायला म्हणून. तेव्हा आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. मी विसरलेले नाही. शिकारी, मासे पकडणारे, डोंगर चढणारे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एकत्र आले आणि महिना संपायच्या आत लींना ती तरतूद मागं घ्यावी लागली. घरं महाग आहेत, पोरांना परवडत नाहीत, कबूल. पण गावापासून मैलोन्‌मैल लांबच्या डोंगरावर ज्याला परवडणारं घर बांधायचंय तो बिल्डर मला एकदा दाखवा.

खासगी असलं की जमीन नीट राहते म्हणे. अहो, ओझार्क खासगीच होता की! 1880 नंतरच्या काही दशकांत लाकूड कंपन्यांनी तिथला पाइन मुळापासून खरवडला, कापून झाल्यावर निघून गेल्या, मागं राहिली जळकी, धुपलेली टेकाडं. ती कुणालाच नको होती म्हणून 1930 च्या दशकात सरकारनं विकत घेतली. त्यावर आज हे जंगल आहे. आणि टर्की? 1950 च्या सुरुवातीला अख्ख्या मिझुरीत अडीच हजारांहून कमी उरल्या होत्या. आधी फार्मवर वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. मग ओझार्कमधल्या पेक रँच या राखीव रानासारख्या जागी रानटीच पक्षी जाळ्यात धरायचे आणि दुसरीकडे सोडायचे, असं वर्षानुवर्षं केलं. 1960 मध्ये नव्यानं पहिला हंगाम झाला. 1976 मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, शंभर डॉलरला साडेबारा सेंट, फक्त वन्यजीव आणि जंगलासाठी. तुम्ही इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर घेता तेव्हा तोही देता, दादा. तुमच्या दारात येणाऱ्या टर्की त्या पैशांवर आल्यात. (पक्षी सोडायला पुष्कळ शेतकऱ्यांनीही आपली रानं दिली होती, हे सांगायला हवं. सांगितलं.)

आणि त्याच्याही आधी ही जमीन इथल्या मूळ रहिवासी ओसेज लोकांची होती, 1808 आणि 1825 च्या करारांनी ती काढून घेतली. ‘आपलं जंगल’ म्हणताना माझी जीभ तिथं जरा अडखळते. तरीही म्हणते.

आमच्या गावाला गायरान होतं. आईच्या शेळ्या तिथं, आमचं खेळणं तिथं, होळीच्या गोवऱ्या तिथूनच. मागच्या वेळी गेले तर तारेचं कुंपण आणि आत जेसीबी. कुणाचं आहे विचारलं तर चुलतभाऊ म्हणाला, “तायडे, तू चार दिवसांसाठी आलीस, चहा घे.” मी चहा घेतला. तो चहा आज दुपारी त्या ‘ऐंशी एकर’वर घशाशी आला असावा.

असो, थोडी शांत झाले. म्हाताऱ्याचं राहिलंच.

त्या सकाळी आम्ही त्याच ओकखाली बसलो. त्याच्याकडे थर्मास, माझ्याकडे भाकरवडी. निम्मी त्यानं बोलता बोलता संपवली. त्यानं मला सांगितलं की पहाटेच्या मागं लागू नकोस. हंगामाच्या शेवटाकडे माद्या सकाळी उशिरा अंड्यांवर जातात आणि नर एकटा पडतो, नऊनंतर त्याला बोलाव. हे पुस्तकात वाचलं होतं, पण मी आपली साडेआठला कंटाळून गाडीकडे निघायची. पुढच्या शनिवारी मुलीचा नाचाचा कार्यक्रम होता, म्हणून मी रानात गेले नाही. रविवारी गेले तर पार्किंगमध्ये तो भेटला, पिकअपच्या मागच्या फळीवर तो पश्चिमेच्या धारेचा नर. पायांवरचे काटे लांब आणि वाकडे झालेले, जुना गडी. माझा पक्षी! पोटात जळलं, अगदी धूर निघाला. त्यानं विचारलं, “वाईट नाही ना वाटलं?” मी म्हटलं, “वाटलं.” तो खो खो हसला. मग नकाशा काढून आणखी एका खोऱ्यावर बोट ठेवलं.

तिथंच मिळाला. शेवटच्या आठवड्यात, दहा वाजून गेल्यावर. तो न ओरडता आला. आधी पानांतून पावलं, मग पांढरं डोकं, मग पिसारा मिटून मान उंच. डॉगवूडच्या झाडांचा बहर गळून गेला होता, अंगावर गोचिडी चढत होत्या, पाय झोपला होता, आणि माझं हृदय इतकं वाजत होतं की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. पुढचं लिहीत नाही, ज्यांना आवडत नाही तेही वाचताहेत. पक्षी जागीच गेला. मी त्याच्या पिसांवर हात ठेवून थोडा वेळ बसले. तांबूस, हिरवं, सोनेरी, उन्हात रंग बदलतात. ‘बिचारा’ लिहिणाऱ्यांना एवढंच की हो, बिचारा. मलाही वाटतं, दर वेळी. तरी पुढच्या एप्रिलला मी जाणार.

मांड्या आणि तंगड्या लोखंडाच्या कढईत कांदा-खोबऱ्याच्या वाटणात चार तास मंद शिजवल्या, रानातला पक्षी लवकर शिजत नाही. छातीचे तुकडे हळद-तिखट लावून तव्यावर, ते मात्र पटकन काढायचे, नाहीतर चामडं होतं. नवऱ्यानं वरण-भात खाल्ला.

मेसेजमध्ये ज्या चौघी-पाचजणी विचारताहेत त्यांच्यासाठी: 1967 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशन सर्टिफिकेट आधी लागतं. राज्याच्या कॉन्झर्व्हेशन खात्याचे खास बायकांसाठीही वर्ग असतात. आवाज काढायचा कॉल आत्ताच घ्या आणि घरात कुणी नसताना वाजवा. पँट मोज्यांत खोचा, आल्यावर अंगभर गोचिडी तपासा. इथल्या एका जातीच्या गोचिडीमुळे मटणाची ॲलर्जी होते, थट्टा नाही. गाडीत माझ्या शेजारची एक जागा रिकामी असते. मी तीनला निघते, थांबत नाही.