जुनं म्हणजे कुठलं?
चर्चमध्ये गिटार-ड्रम आल्यापासून उपासनेचं गांभीर्य गेलं, जुनंच संगीत बरं, हे तुमच्याकडच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. ऑर्गनवरच्या चालीही मिशनऱ्यांबरोबर बाहेरूनच आल्या ना! उलट गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलमधल्या कथांवरचं मराठी काव्य, १६१६ साली छापलं गेलं ते ओवीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली; ती आजही 'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या गीतांच्या पुस्तकात आहेत, पेटी-तबल्यावर छान रंगतात. तरुणांना गिटार हवी तर वाजवू द्या की.

माझा आक्षेप आवाजाला. स्पीकर एवढा मोठा की शेजारच्याचं गाणं ऐकू येत नाही, आणि पट्टी इतकी वरची की दुसऱ्या कडव्यालाच मंडळी गप्प. गायकांनी पट्टी जरा खाली घ्यावी, म्हणजे आमच्यासारख्या बेसूरांनाही गाता येईल.