'ओपनच्या पोराला स्कॉलरशिप नसते, सीट आधीच बुक करा' : त्या मेसेजला एकेक करून उत्तर

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो क्लासच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आला, खाली तीन-चार जणांनी हात जोडून 'अगदी बरोबर' पण लिहिलं. मजकूर थोडक्यात असा : ओपनच्या आणि नोकरदारांच्या मुलांना सरकार एक रुपया देत नाही, ९८ पर्सेंटाइलच्या खाली कॅपमध्ये (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) कॉम्प्युटर विसरा, त्यापेक्षा बारावीच्या मार्कांवर ५० ते १०० टक्के 'मेरिट स्कॉलरशिप' देणारी खाजगी युनिव्हर्सिटी स्वस्त पडते, महाडीबीटीचे (सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलचे) पैसे तसेही कधी येत नाहीत, नाशिकला कॉम्प्युटर करून उपयोग नाही, आणि शेवटी लाल अक्षरात, टोकन (सीट धरून ठेवायची आगाऊ रक्कम) आजच भरा नाहीतर स्कॉलरशिप जाईल.

शेवटच्या ओळीवरून मेसेज कुणी लिहिला असेल ते कळतंच, पण लोक त्यावर निर्णय घेतात म्हणून उत्तर लिहितोय.

आधी 'ओपनला काही नाही'. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती नावाची योजना आहे, बोलताना सगळे ईबीसी म्हणतात, ती ओपनसाठीच आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर निम्मी ट्युशन फी सरकार भरतं. ८ लाख म्हणजे महिन्याला साधारण ६६ हजार. आता सातपूर-अंबडच्या कंपनीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या किती जणांचा पगार ६६ हजारांच्या वर आहे ते तुम्हीच बघा, निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचं तर सोडाच. 'नोकरदार' म्हटलं की आपण बाद असं लोक स्वतःच ठरवून टाकतात आणि सेतूत उत्पन्नाचा दाखला काढायलाच जात नाहीत. अटी आहेत, महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं, एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते, आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे ॲडमिशन कॅपमधून हवी. ही अट लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

मुलींचं तर अजून सोपं झालंय. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, १०० टक्के ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. हेही कॅपमधूनच, आणि अभिमत किंवा खाजगी युनिव्हर्सिटीला लागू नाही. म्हणजे ज्या मुलीची ट्युशन फी जवळच्या कॉलेजात शून्य होऊ शकते तिला हा मेसेज 'टोकन भरा' सांगतोय. ओबीसी मुलांना निम्मी, व्हीजेएनटी-एसबीसीला पूर्ण, एससीला उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तरी फ्रीशिप, हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून त्यात जात नाही.

एक मात्र कबूल. ओपनचा मुलगा आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या वर, अशा घराला सरकारी योजनांमधून जवळपास काही मिळत नाही. तिथे खाजगी फाउंडेशन बघायची, उदाहरणार्थ रिलायन्स फाउंडेशनची पदवीची स्कॉलरशिप उत्पन्न १५ लाखांच्या आत असलेल्यांना चालते, बारावीला ६० टक्के लागतात, ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट असते आणि पूर्ण डिग्रीत मिळून २ लाखांपर्यंत मिळतात. मिळेलच असं नाही, पण फॉर्म भरायला काय जातं.

आता मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखसुद्धा नाही ती गोष्ट, आणि माझ्या मते महाराष्ट्रातली खरी मेरिट स्कॉलरशिप तीच आहे : टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्युशन फी माफीच्या सीटा. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची योजना आहे, प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा जास्तीच्या असतात, म्हणजे ६० च्या तुकडीला ३, १२० ला ६. जात बघत नाहीत, फक्त उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि मेरिट हवं. ट्युशन फी चारही वर्षं माफ. डेव्हलपमेंट फी आणि बाकीचे किरकोळ चार्जेस भरावे लागतात, आणि नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, एवढाच काय तो तोटा.

लोक चुकतात ते ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॅपला कॉलेजांची पसंती क्रमाने भरायच्या फॉर्ममध्ये. टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी लागलेला, आणि तो तुम्हाला स्वतः टाकावा लागतो, कॉलेजचा साधा कोड टाकला म्हणून टीएफडब्ल्यूएसला आपोआप विचार होत नाही. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. समजा पंचवटीतलं एखादं कॉलेज तुम्हाला हवंय आणि तुम्ही साधा कोड ४ नंबरला आणि टी वाला ५ नंबरला टाकलात, तर ४ नंबर मिळाला की सिस्टिम तिथेच थांबते, ५ पर्यंत जातच नाही, आणि तुम्ही पूर्ण फीवाली सीट घेऊन बसता. टी वाला कोड नेहमी वर, त्याच कॉलेजचा साधा कोड त्याच्या खाली. २०२५-२६ पासून तर पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे पुढच्या राउंडला जाता येत नाही, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला. म्हणजे वरचे सहा पर्याय सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडायचे दिवस गेले.

टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ त्या कॉलेजात सहसा सगळ्यात वर असतो हे खरंय, म्हणून लोक म्हणतात आपल्याला कुठे मिळणार. पण उलटा विचार करा ना. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात जेमतेम शेवटच्या नंबरावर पूर्ण फी भरून बसण्यापेक्षा एक पायरी खालच्या कॉलेजात तुमचा मुलगा वरच्या पाचात असतो आणि तिथे त्याची ट्युशन फी माफ होते. मार्क तेच, फक्त वापरायचे कुठे ते बदललं.

'९८ च्या खाली विसरा' याला उत्तर म्हणून सीईटी सेलच्या साइटवरची मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडा, फार मोठी फाइल आहे पण कॉलेजचं नाव टाकून शोधता येतं. वरचा आकडा मेरिट नंबर असतो आणि कंसातला पर्सेंटाइल, लोक वरचा आकडा बघून घाबरतात. जीओपेन म्हणजे ओपन सर्वसाधारण, एलओपेन म्हणजे ओपन मुली, टीएफडब्ल्यूएसचा कॉलम वेगळा. आडगाव, एकलहरे, महिरावणी, अंजनेरी, नाशिकच्या आजूबाजूची सगळी कॉलेजं एका कागदावर उतरवा आणि फक्त कॉम्प्युटर नको, आयटी आणि एआय-डेटा सायन्स पण लिहा, पहिलं वर्ष जवळपास सारखंच असतं आणि पुढेही बराच भाग सारखा. ९८ हा आकडा काही मोजक्या कॉलेजांचा आहे, सगळ्यांचा नाही. शिवाय २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी ब्रँचच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या तुकड्या बऱ्याच ठिकाणी वाढल्या. (वाढलेल्या तुकडीला शिकवायला माणसं आहेत का हे मात्र जाऊन विचारा, एनबीए हे दर्जाचं मानांकन ब्रँचनिहाय असतं, कॉलेजच्या गेटवरचा बोर्ड बघून खूश होऊ नका.)

सरकारी कॉलेजही लोक विसरतात. अवसरीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज नाशिक-पुणे हायवेवर मंचरजवळ आहे, जळगावला आहे. आणि दहावीनंतरच घरची ओढाताण दिसत असेल तर पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयर, सामनगाव रोडच्या सरकारी पॉलिटेक्निकची फी खाजगी कॉलेजच्या तुलनेत किरकोळ असते आणि डिग्रीचं एक वर्ष वाचतं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला तर सीईटीही लागत नाही.

आता '५० टक्के मेरिट स्कॉलरशिप देणारी युनिव्हर्सिटी स्वस्त'. पन्नास टक्के कशाचे, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. दिवाळीच्या सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग सूट देतात त्यातलाच प्रकार. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा तिकडची फी वर्षाला अडीच लाख, ५० टक्के सूट, म्हणजे पहिल्या वर्षी सव्वा लाख. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पुढच्या वर्षी सूट टिकवायची तर अमुक सीजीपीए पाहिजे, एकही बॅकलॉग नको. पहिल्या वर्षाच्या मॅथ्सला किती जणांची केटी लागते ते कुठल्याही इंजिनिअरला विचारा. सूट गेली की उरलेली तीन वर्षं अडीच-अडीच लाख, एकूण पावणेनऊ लाख. इकडे समजा कॅपच्या कॉलेजची ट्युशन एक लाख आणि डेव्हलपमेंट दहा हजार. ईबीसीवाला मुलगा वर्षाला साठ हजार भरणार, चार वर्षांचे २ लाख ४० हजार. टीएफडब्ल्यूएसवाला चार वर्षांचे ४० हजार. आणि सूट अगदी चारही वर्षं टिकली तरी तिकडचे ५ लाख होतात, म्हणजे तरी ईबीसीच्या दुप्पट. कॅपमधल्या खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजनिहाय मिळते, ट्युशन आणि डेव्हलपमेंट वेगळी दाखवलेली, खरे आकडे तिथून घ्या आणि स्वतः हिशोब करा.

सगळ्याच खाजगी युनिव्हर्सिटी फसव्या असं माझं म्हणणं नाही, काहींची स्कॉलरशिप खरंच चारही वर्षं बिनशर्त असते. पण तिकडे गेलात की ईबीसी नाही, टीएफडब्ल्यूएसच्या कॅपच्या सीटा नाहीत, मुलींची फीमाफी नाही. मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलची (कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं ती) सीट घेतली तरी तेच. ती कॅपची अट इथे नडते. 'आधीच बुक करा' या तीन शब्दांची खरी किंमत टोकनच्या दहा-वीस हजारांत मोजू नका, चार वर्षांच्या गेलेल्या फीमाफीत मोजा.

महाडीबीटीचे पैसे येत नाहीत, यात निम्मं खरं आहे. उशीर होतो, कधी वर्ष संपून जातं तरी हप्ता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजने तर आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ असं सांगितलं आणि ते परत घ्यायला त्या बापाच्या चपला झिजल्या. पण 'येतच नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं लफडं बँकेत असतं. खात्याला आधार जोडलंय एवढं पुरत नाही, डीबीटीचे पैसे ज्या खात्यावर येतील ते एकच खातं एनपीसीआयकडे (बँकांचे ऑनलाइन व्यवहार बघणारी संस्था) नोंदलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं निघतं जे पाच वर्षांत कुणी उघडून पाहिलेलं नसतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरं म्हणजे अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला असतो, तिथल्या क्लार्कने पुढे पाठवल्याशिवाय तो हलत नाही, स्टेटसमध्ये स्पष्ट दिसतं कुणाच्या टेबलावर आहे. आणि दरवर्षी रिन्यू करावा लागतो, सेकंड इयरला विसरणारे कमी नाहीत.

मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती पण आहे, वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. सरकारी योजना सहसा एकावेळी एकच चालते, त्यामुळे कुठे जास्त वाचतात ते मोजून ठरवा. आणि कर्जच काढायचं झालं तर नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी आहे, विनातारण, ८ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, पण ती ठराविक वरच्या संस्थांनाच, आधी यादी बघा.

नाशिकला करून उपयोग नाही, यावर फार लिहीत नाही. जी कॉलेजं स्वायत्त झालेली नाहीत तिथे पुणे विद्यापीठाचाच सिलॅबस, त्याच परीक्षा. पुण्याला रूम आणि मेस धरून महिन्याला दहा हजार धरा, वर्षाचे लाखाच्या वर गेले, म्हणजे फी वाचवून मेसवाल्याला दिली. एखादं खरंच मोठं कॉलेज मिळत असेल तर जरूर जा, पण कोथरूडचा पत्ता पाहिजे म्हणून तिसऱ्या फळीच्या कॉलेजात जायचं कारण मला तरी कळत नाही.

राहिलं टोकन. ज्यांनी भरलंय त्यांनी घाबरू नका. यूजीसीच्या फी परताव्याच्या धोरणात २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत असं होतं, तुमच्या वर्षाची तारीख यूजीसीच्या साइटवर बघा आणि रद्द करायचा अर्ज ईमेलवर करा, तोंडी नको. ज्यांना अजून फोन येतायत त्यांनी एवढंच म्हणायचं की स्कॉलरशिप किती वर्षांची, टिकवायची अट काय आणि सूट कोणत्या फीवर, हे लेटरहेडवर द्या. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी 'फक्त व्हेरिफिकेशनला' म्हणून कुणाकडे ठेवून येऊ नका, दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे, कॅपच्या ॲडमिशनला तेच कागद लागणारेत.